केवड्याचे बीजाणू पाहायचे, तर चार छायाचित्रे की चौसष्ट?

ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिकच्या द्राक्षबागांत केवडा रोग (डाउनी मिल्ड्यू) दिसू लागला की, ओपनफ्लेक्सरसारखा थ्रीडी प्रिंटेड सूक्ष्मदर्शक घरी जोडलेल्या माणसाला पानामागची पांढरी बुरशी पाण्याच्या थेंबात ठेवून पाहण्याचा मोह होतोच; पण तिचे बीजाणू जवळजवळ पारदर्शक असल्याने साध्या उजेडात त्यांची पुसट कडच तेवढी दिसते. रंग न देता ते स्पष्ट करण्याचे दोन मार्ग आहेत. दोन्हींसाठी प्रकाशाची नेहमीची भिंगे काढून वर ८ × ८ एलईडींचा फलक बसवावा लागतो आणि कॅमेऱ्याचे स्वयंचलित एक्स्पोजर बंद करावे लागते, कारण ते चालू राहिल्यास पुढचा सगळा हिशेब चुकतो.

पहिला मार्ग डिफरन्शियल फेज कॉन्ट्रास्टचा. फलकाचा डावा, उजवा, वरचा आणि खालचा अर्धा भाग पाळीपाळीने उजळून चार छायाचित्रे घ्यायची आणि समोरासमोरच्या जोडीतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागायचे, की नमुन्याच्या प्रकाशीय जाडीचा (नमुना प्रकाशाला किती विलंब लावतो, त्याचा) उतार उठावदार दिसतो. गणित इतके हलके आहे की रास्पबेरी पाय हा छोटा संगणकही ते सहज करतो. अट एकच, प्रकाशाचा कोन ऑब्जेक्टिव्हच्या (नमुन्याजवळच्या भिंगाच्या) न्यूमेरिकल अपर्चरशी, म्हणजे ते किती रुंद कोनातला प्रकाश टिपते हे सांगणाऱ्या एनए या आकड्याशी, जुळला पाहिजे. ०.२५ एनएचे १०एक्स (दहापट मोठे दाखवणारे) ऑब्जेक्टिव्ह आणि ८० मिमी उंचीवरचा फलक असेल, तर केंद्रापासून सुमारे २० मिमीच्या आतले दिवेच वापरावेत.

दुसरा मार्ग फूरिए टायकोग्राफीचा. २०१३ मध्ये अमेरिकेतील कॅल्टेक या संस्थेच्या संशोधकांनी २एक्स, ०.०८ एनएच्या ऑब्जेक्टिव्हमधून ०.५ एनएच्या तोडीची प्रतिमा मिळवून तो मांडला. येथे एकेक दिवा लावून चौसष्ट छायाचित्रे घेतली जातात, त्यांतील कडेच्या दिव्यांची फार अंधारी असल्याने त्यांना जास्त एक्स्पोजर द्यावे लागते, आणि मग पुनरावृत्तीच्या गणिताने त्यांची वारंवारता-अवकाशात, म्हणजे प्रतिमेतील ठळक-बारीक तपशिलांच्या गणिती नकाशात, सांधणी होते. मोह पडावा असेच हे आहे: ८ मिमी अंतरावर दिवे असलेला फलक १६० मिमी उंच ठेवल्यास ०.१ एनएच्या ४एक्स ऑब्जेक्टिव्हची पोच सैद्धांतिकदृष्ट्या ०.३४ पर्यंत जाते, म्हणजे ४एक्सच्या नेहमीच्या प्रतिमेपेक्षा बारीक तपशील आणि तोही १०एक्सपेक्षा बऱ्याच मोठ्या क्षेत्रावर. तोच फलक ८० मिमीवर आणला, तर शेजारच्या दोन दिव्यांच्या माहितीत चाळीस टक्क्यांच्या आसपासच सामाईक भाग उरतो आणि सांधणी डळमळते.

या मार्गाची खरी किंमत स्थिरतेत मोजावी लागते. फलक मिलिमीटरभर सरकला तरी प्रत्येक दिव्याचा कोन बदलतो (चिकटपट्टीने लावलेल्या माझ्या फलकाने हे दोनदा शिकवले), आणि थेंबात तरंगणारा बीजाणू तेवढा वेळ जागेवर राहील याची खात्री नसते. म्हणून केवड्यासाठी मी निःसंशय पहिला मार्ग निवडेन. पक्क्या बसवलेल्या, वाळलेल्या काचपट्टीचे मोठे क्षेत्र बारकाईने टिपायचे असेल, तरच दुसऱ्याचा विचार करावा, आणि तेव्हाही गणित लॅपटॉपवर, प्रतिमेचे लहान तुकडे पाडून करावे, कारण प्रत्येक तुकड्याला तोच दिवा थोड्या वेगळ्या कोनातून दिसतो.

कांद्यावरच्या फुलकिड्यासारखा जाड नमुना असेल, तर दोन्ही मार्ग सोडून वेगवेगळ्या फोकसवरची छायाचित्रे एकत्र करावीत. त्याने तपशिलाची मर्यादा वाढत नाही, पण किडा पायापासून पाठीपर्यंत एकाच चित्रात स्पष्ट दिसतो.