तालुक्याचं कॉलेज: बिल्डिंगला दोन स्टार, स्कॉलरशिपच्या खिडकीला पाच

बहिणीचं बीएस्सीचं दुसरं वर्ष चालू आहे आमच्या तालुक्याच्या कॉलेजात, धाराशिव जिल्हा, सीना नदीचा पट्टा. कॉलेजचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली थोडं वाईट पण लिहिणार आहे आणि तिला अजून तिथंच काढायचंय. आमच्याकडचे लोक ओळखतीलच म्हणा. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की व्हाट्सॲपवर सगळ्यांचा एकच प्रश्न, दादा पोरीला बार्शीला टाकू का सोलापूरला का डायरेक्ट पुण्याला, तालुक्याला काय शिकवायलेत का नुसतंच नाव. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आधी जे दिसतं ते उरकून घेतो. बिल्डिंग जुनी, रंग उडालेला, पावसात वरच्या मजल्यावरचे दोन वर्ग गळतात. केमिस्ट्रीच्या लॅबमधे एका ब्युरेटला चार लेकरं, म्हणजे एकजण टायट्रेशन करणार, एकजण आकडे लिहिणार आणि दोघं बघणार. मुलींच्या बाथरूमला दुपारनंतर पाणी नसतं, ह्याची तक्रार दरवर्षी होते आणि दरवर्षी टाकी बसवायलोत असं उत्तर मिळतं. कँटीन नाही. वेबसाइट आहे पण तिच्यावरच्या नोटिसा कधीच्या आहेत ते देवाला ठाऊक. एवढंच बघून कुणी ठरवणार असेल तर दोन स्टार, खुशाल दुसरीकडं जा.

आता खरं बोलू. स्कॉलरशिपच्या खिडकीवर जे काका बसतात त्यांच्यामुळं आमच्या गावातल्या निम्म्या लेकरांचं शिक्षण चालू आहे, हे मी उगं फुगवून सांगत नाही. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलचा, फॉर्म भरलेल्यांना माहितीये काय ताप असतो तो. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीला ८ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो, मंग डोमिसाइल, रेशनकार्ड, मागच्या वर्षीची मार्कशीट, आणि हे सगळं जोडून फॉर्म टाकला की तो पहिल्यांदा कॉलेजच्याच लॉगिनला जातो. तिथं क्लार्कनं नुसतं सेंड बॅक दाबलं की लेकरू परत नेट कॅफेवर, परत पन्नास रुपये, आणि काय चुकलंय हे कुणी सांगत नाही. आमचे काका सेंड बॅक दाबायच्या आधी लेकराला फोन करतात. बाळा तुझ्या दाखल्यावर आडनाव वेगळं पडलंय, उद्या येताना दुरुस्त करून आण, मी फॉर्म धरून ठेवतो. बास, एवढंच करतात, पण हे एवढं करणारा माणूस मी तरी दुसऱ्या कुठल्या ऑफिसात बघितला नाही.

आमच्या घरचा किस्सा सांगतो. पहिल्या वर्षी बहिणीचा फॉर्म मंजूर झाला, सगळ्यांचे पैसे आले, हिचे नाहीत. पोर्टलवर बघितलं तर पैसे जमा दाखवायलंय आणि बँकेत पासबुक भरलं तर कोरं. काकांनी पाच मिनिटात ओळखलं. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडनं थेट खात्यात येणारे, पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला जी बँक शेवटी जोडली गेलीय तिथं जातात, आणि हिचं सिम घेताना दुकानदारानं तिच्या नकळत एक मोबाईलवरचं खातं उघडून ठेवलं होतं. आधारच्या साइटवर बँक सीडिंग, म्हणजे आधारला कुठली बँक जोडलीय ते, बघायला ओटीपी लागतो, ओटीपी आधारला लिंक असलेल्या नंबरवर येतो आणि तो नंबर माझा. मी चाकणला कंपनीत, मोबाईल लॉकरमधे. मंग काकांनी माझ्या जेवणाच्या सुट्टीची वेळ विचारून घेतली आणि बरोबर तेवढ्या वेळेला फोन लावला, "दादा, पोरगी माझ्यासमोरच बसलीय, ओटीपी आला की लगेच वाचा, चहा मागाहून घ्या." त्या खात्यातनं पैसे काढून घेतले आणि बँकेत अर्ज देऊन आधार तिच्या खऱ्या खात्याला लावून घेतलं. आता त्यांनी खिडकीच्या बाजूला स्केचपेननं कागदच लावलाय, फॉर्म भरायच्या आधी सीडिंग बघा, नसेल तर आत या.

शिक्षकांचं बघा. २०२४ ला नवीन शैक्षणिक धोरण कॉलेजला लागू झालं तेव्हा पहिल्या वर्षाच्या लेकरांचा पार गोंधळ झाला होता. मेजर काय, मायनर काय, ओई म्हणजे काय, क्रेडिट किती लागतात, एबीसी आयडी कुठनं काढायचा. घरात कुणाला विचारावं, वडील सातवी पास. फिजिक्सच्या मॅडमनी हॉलमधे सगळ्यांना बसवून फळ्यावर आखून दाखवलं आणि पालकांना पण बोलावलं होतं, आमचे वडील गेले होते. घरी येऊन म्हणले मला काही कळलं नाही पण बाई लई मनापासून सांगत होत्या.

ह्याच मॅडमनी अजून एक काम केलं जे कुणाच्या नजरेत येत नाही. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट असतो, पुढं तिसरा हिस्सा भरावा लागतो, त्यामुळं कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला घरचे आधीच कुरकुर करायलेले असतात. त्यात प्रॅक्टिकल सुटायचं पाच वाजून गेल्यावर आणि आमच्या गावाची गाडी त्याच्या जरा आधी निघून जायची, पुढची गाडी अंधाराची. तीन-चार मुलींचं शिक्षण निव्वळ ह्या गाडीपायी सुटायला आलं होतं. मॅडमनी बाकीच्या सरांशी भांडून म्हणा, गोड बोलून म्हणा, टाइमटेबल फिरवलं आणि गावाकडच्या मुलींची बॅच सकाळी घेतली. खर्च शून्य रुपये.

आता पूर. सप्टेंबर २०२५ ला सीनेला जे पाणी आलं ते आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी पण कधी बघितलं नव्हतं, परांडा-भूम भागात माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. आमचं सोयाबीन गेलं, घरात कंबरेएवढं पाणी. बहिणीची लोखंडी पेटी जागेवर राहिली पण आतल्या वह्या-पुस्तकांचा लगदा झाला, कागद उचलला की बोटाला शाई लागायची. सगळ्यात मोठी अडचण जर्नलची, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीची. सर्टिफाय केलेलं जर्नल नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत, आणि असं जर्नल गेलेली वर्गात बरीच लेकरं. मॅडमनी डिपार्टमेंटचं रजिस्टर काढून कुणी कुठलं प्रॅक्टिकल कधी केलंय ह्याची यादी बनवली, तिसऱ्या वर्षाच्या मुलांची जुनी जर्नलं मागवून घेतली, कृती झेरॉक्स लावली तरी चालंल म्हणल्या, फक्त रीडिंग आणि ग्राफ परत स्वतःच्या हातानं. वर्कशॉपला बसल्यासारखी लेकरं आठवडाभर लायब्ररीत लिहीत बसली होती. लायब्ररीवाल्या सरांनी एरवी कार्डावर दोन पुस्तकं मिळतात ते बाजूला ठेवून पूरवाल्या लेकरांना पूर्ण सेट दिला, सेमिस्टर संपेपर्यंत.

ऑफिसनं पण केलं. ॲडमिशनच्या वेळच्या झेरॉक्स फायलीत होत्या, त्या शोधून प्राचार्यांचा सही-शिक्का मारून दिल्या, दहावीच्या मार्कशीटची दुसरी प्रत पाहिजे तर लातूर बोर्डाला अर्ज कसा करायचा तो नमुना दिला, तोपर्यंत काम भागवायला डिजिलॉकरवरनं काढून दिल्या. उत्पन्नाचा दाखला काढायचा तर तलाठ्याचा अहवाल लागतो आणि तलाठी सगळे पंचनाम्यावर. काकांनी गावनिहाय लेकरांची यादी करून एकदमच तहसीलला नेऊन दिली, एकेकानं खेटे घालण्यापेक्षा. ज्यांच्याकडं परीक्षा फॉर्मचे पैसे नव्हते त्यांचे सरांनी आपापसात गोळा करून भरले. नावं बाहेर येऊ दिली नाहीत, बहिणीला पण तिच्या मैत्रिणीकडनंच कळलं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मला कॉलेजनं पैसे दिलेत. तर आता ऐका. मधे काकांच्या घरी आजारपण होतं, ते रजेवर गेले आणि ती खिडकी अक्षरशः बंद. लॉगिनचा पासवर्ड दुसऱ्याकडं असून नसल्यासारखा, बाजूच्या टेबलवरचे साहेब म्हणायलेत ते आल्यावर या. बोनाफाईडसारखा साधा कागद, त्याला पण दोन चकरा. म्हणजे सोय कॉलेजची नाही, माणसाची आहे. काका रिटायर होतील तेव्हा काय, ह्याचं उत्तर संस्थेकडं नाही, शिपाई मामांना विचारलं तर ते नुसते हसतात.

आणि दुसरं त्याहून टोचणारं. इंग्लिशचे जे सर सुट्टीनंतर लिंबाखाली मुलांना अर्ज लिहायला, इंटरव्ह्यूला बोलायला शिकवतात ते सीएचबीवर आहेत. म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे, तेही वेळेवर नाहीत, उन्हाळ्याच्या सुट्टीचे नाहीत, आणि पुढच्या जूनला परत इंटरव्ह्यू. लिंबाखालच्या तासाचे तर कुणीच देत नाही. भरती होत नाही आणि सगळा भार असल्या माणसांच्या चांगुलपणावर टाकलाय. संस्थेचे लोक सत्काराला शाल देतात, पगाराचं नाव काढत नाहीत. ह्याचा एक स्टार मी कापणार.

माझा चुलतभाऊ पुण्यात मोठ्या नावाच्या कॉलेजात आहे, लिफ्टवाली बिल्डिंग, सगळं ॲपवर. पुरात त्याचं पण घर बुडालं, त्यानं ऑफिसला मेल टाकला, उत्तर आलं की आपली विनंती नोंदवली आहे. नोंदवलेलीच आहे अजून. लॅब मात्र त्याची एक नंबर, हे पण खरं.

तर माझ्या हिशेबानं एकूण साडेतीन. पोरगी आर्ट्सला किंवा कॉमर्सला जायची असेल, घरची परिस्थिती बेताची असेल, गाव एसटीच्या रूटवर असेल, तर डोळे झाकून इथं टाका. केमिस्ट्रीत पुढं एमएस्सी करायची असेल तर बार्शी नाहीतर सोलापूर बघा, इथल्या लॅबच्या भरवशावर राहू नका. ॲडमिशनला सकाळीच या, दुपारी जेवणानंतर खिडकी कधी उघडंल ह्याचा नेम नाही. आणि झेरॉक्स एसटी स्टँडवरनंच काढून आणा, गेटसमोरच्या दुकानात डबल घेतात.