एकट्याने वीकेंड: बॉस्टन की फिलाडेल्फिया?

एकट्यानेच जायचंय, हातात शनिवार-रविवार आहेत आणि अमेरिकेचा जुना इतिहास बघायचाय असं ठरलं की ईस्ट कोस्टवर गाडी फिरून फिरून या दोनच नावांवर येते. वॉशिंग्टन मी मुद्दाम धरत नाही, तिथली नुसती म्युझियम्स बघायला दोन दिवस पुरत नाहीत. बॉस्टन आणि फिली (म्हणजे फिलाडेल्फिया) दोन्हीकडे मी एकटा फिरून आलोय आणि दोन्ही आवडलीत, त्यामुळे एक भारी आणि दुसरं बेकार असलं काही इथे मिळणार नाही. पण माझा कल एका बाजूला आहे हे आधीच सांगून टाकतो, आणि त्याचं कारण जरा चिल्लर वाटेल.

अजून एक, हे सगळं एकट्या माणसाच्या हिशोबाने आहे. भारतातून आईबाबा आलेत, सोबत मुलं आहेत, असं असेल तर गणित पूर्ण वेगळं.

जाण्यायेण्याचं पटकन उरकतो. मी न्यू जर्सीवाला, त्यामुळे फिली माझ्या उशाशी आहे, एडिसनहून एनजे ट्रान्झिटने ट्रेंटन, तिथे गाडी बदलून सेप्टाची लोकल पकडली की थेट शहराच्या मध्यात. ॲमट्रॅकची लांब पल्ल्याची गाडी जास्त फास्ट आहे पण वीकेंडची तिकिटं उशिरा काढली तर डोळे पांढरे होतात. बॉस्टनला न्यूयॉर्कहून ट्रेनने चारेक तास धरा. विमानाने येणाऱ्यांना दोन्ही सारखंच सोपं, बॉस्टनला लोगन एअरपोर्टहून शहरात येणारी सिल्व्हर लाइनची बस तर फुकट आहे, आणि फिलीला एअरपोर्टहून लोकल. राहण्याचं मात्र बघा. एकटा माणूस म्हणजे खोलीचं भाडं कोणाबरोबर वाटून घेता येत नाही, आणि बॉस्टनचे रेट, विशेषतः मे महिन्यात कॉलेजांच्या ग्रॅज्युएशनच्या वेळी आणि ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा, एकट्याच्या खिशाला झेपणारे नसतात. मी जेव्हा जेव्हा दोन्ही शहरांचे रेट शेजारी ठेवून पाहिले तेव्हा फिली बरंच स्वस्त पडलं, सगळ्यांना तसंच पडेल असं नाही म्हणत.

आता बॉस्टन. बॉस्टनची फ्रीडम ट्रेल ही एकट्या माणसासाठी फार छान सोय आहे यात वादच नाही. बॉस्टन कॉमनपासून बंकर हिलपर्यंत अडीच मैल, सोळा ठिकाणं, आणि फुटपाथवर लाल विटांची नाहीतर लाल रंगाची रेघ. रेघ धरून चालत सुटायचं, नकाशा नको, गाइड नको. मध्ये ग्रॅनरी स्मशानभूमी लागते, सॅम्युअल ॲडम्स, जॉन हॅनकॉक, पॉल रिव्हिअर, स्वातंत्र्यलढ्यातले सगळे तिथेच. पुढे ओल्ड स्टेट हाउस, १७१३ सालची विटांची बुटकी इमारत, चहूबाजूंनी काचेचे टॉवर. छपरावर इंग्लंडच्या राजाचे सिंह आणि युनिकॉर्न उभे, ज्या बाल्कनीतून जुलै १७७६ मध्ये बॉस्टनकरांना स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवला ती त्यांच्या खालीच, समोर रस्त्यात ब्रिटिश सैनिकांनी १७७० मध्ये केलेल्या गोळीबाराची जागा दाखवणारं दगडांचं वर्तुळ, आणि त्याच इमारतीच्या तळघरातून मेट्रोच्या स्टेट स्टेशनचा दरवाजा. लोक लॅपटॉपची बॅग घेऊन त्या तीनशे वर्षांच्या इमारतीतून बाहेर पडतात आणि मान वर करून बघतही नाहीत. मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो, सोबत कोणी असतं तर "चल ना पुढे" झालं असतं. एकट्याने फिरण्याची मजा असते ती हीच.

घोळ सुरू होतो तो लाल रेघ सुटली की. आणि ती सुटतेच, कारण जेवायला जायचं असतं, हॉटेलवर परतायचं असतं, बीकन हिलच्या गल्ल्या बघायच्या असतात. बॉस्टनचे जुने रस्ते कोणी आखलेलेच नाहीत, सतराव्या शतकात चिंचोळ्या जमिनीवर लोक जसे राहत गेले तसे ते पडले, मग आजूबाजूला समुद्रात भराव घालून शहर वाढलं आणि ते वाकडे रस्ते तसेच राहिले. पुण्याच्या पेठांसारखंच म्हणा, पण पेठेत निदान कोणाला तरी विचारता येतं, उत्तर कसं मिळेल ते सोडा. इथे समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या कानात इअरबड. विंटर स्ट्रीटने सरळ चालत जा, वॉशिंग्टन स्ट्रीट ओलांडली की तोच रस्ता समर स्ट्रीट होतो. कोर्ट स्ट्रीटची पुढे स्टेट स्ट्रीट होते. आणि बऱ्याच चौकांत आडव्या गल्लीच्या नावाची पाटी असते, पण आपण ज्या मोठ्या रस्त्यावर उभे आहोत त्याच्या नावाची नसते, म्हणजे तो तुम्हाला माहीतच असणार असं गृहीत धरलेलं.

मग काय, फोन. दोघं असतील तर एक जण फोन बघतो आणि दुसरा शहर बघतो, मध्ये अदलाबदल होते, चालून जातं. एकट्याला दोन्ही कामं स्वतःलाच करायची. फोन काढा, निळा ठिपका उंच इमारतींमध्ये इकडून तिकडे उड्या मारतोय, तो स्थिर होईपर्यंत थांबा, बाण उलटा दाखवतोय म्हणून जागच्या जागी गोल फिरा, पन्नास पावलं चाला, परत पाच फाट्यांचा चौक, परत फोन. थंडीत असाल तर दर वेळी हातमोजा काढा-घाला. दुपारी तीनला बॅटरी लाल. बीकन हिलला विटांचे उंचसखल फुटपाथ आणि मान खाली घालून चालणारे आपण, दरवाजे, खिडक्या, गॅसचे दिवे ज्यासाठी आलो ते सगळं डोक्याच्या वर राहून जातं. संध्याकाळी हॉटेलवर येऊन आठवायला लागलो की लाल रेघेवरचं सगळं लख्ख आठवायचं आणि बाकीचं शहर म्हणजे फोनच्या स्क्रीनवरच्या करड्या रेघा. लोक म्हणतात हरवण्यातच मजा आहे, असेल, पण हरवायला वेळ लागतो हो, आणि वीकेंडला नेमका तोच नसतो.

बॅक बेचा अपवाद करायला हवा. तो भाग एकोणिसाव्या शतकात भराव घालून आखून केलाय, आडवे रस्ते चक्क एबीसीडीप्रमाणे आहेत, आर्लिंग्टन, बर्कली, क्लॅरेंडन, डार्टमथ असे एचपर्यंत. तिथे फोन खिशात राहतो. पण १७७६ बघायला आलेल्या माणसाचं तिथे काम कमी.

आता फिली. १६८२ मध्ये विल्यम पेनने शहर वसवतानाच चौकटी आखून घेतल्या, त्याचा सर्व्हेअर थॉमस होम याने नकाशा केला, आणि जुन्या भागात तो नकाशा आजही चालतो. उत्तर-दक्षिण रस्त्यांना नंबर, नदीकडून सुरुवात, पहिल्याचं नाव फ्रंट, मग सेकंड, थर्ड करत पश्चिमेला. पूर्व-पश्चिम रस्त्यांना बहुतेक झाडांची नावं, चेस्टनट, वॉलनट, लोकस्ट, स्प्रूस, पाइन. चौदावा रस्ता तेवढा ब्रॉड स्ट्रीट. घराचा नंबर ३२५ वॉलनट असेल तर ते वॉलनटवर थर्ड आणि फोर्थच्या मध्ये, संपलं. आणि जुन्या भागात मार्केट स्ट्रीटवर कुठूनही पश्चिमेला बघा, टोकाशी सिटी हॉलचा टॉवर आणि त्यावर पेनचा ३७ फुटी पुतळा. त्याच्या टोपीपेक्षा उंच काही बांधायचं नाही असा एक अलिखित करार शहराने १९८० च्या दशकापर्यंत पाळला, १९८७ मध्ये वन लिबर्टी प्लेसने तो मोडला. आता टॉवर बरेच झालेत, पण मार्केट स्ट्रीटवरून पेनसाहेब अजूनही दिसतात आणि मला तेवढं पुरतं.

याचा फायदा चालताना कळतो. फिफ्थ आणि आर्चच्या कोपऱ्यावर बेंजामिन फ्रँकलिनची कबर, फुटपाथवरूनच लोखंडी कठड्यातून दिसते, सपाट दगड आणि त्यावर लोकांनी टाकलेली एक-एक सेंटची नाणी. तिथून एलफ्रेथ्स ॲली, अठराव्या शतकातली घरं असलेली गल्ली आणि लोक अजून राहतात तिथे. सेकंड स्ट्रीटला लागून, आर्च आणि रेसच्या मध्ये. म्हणजे पूर्वेला तीन ब्लॉक आणि डावीकडे थोडं. एवढं डोक्यात ठेवून निघालो आणि वाटेत भलत्याच एका अंगणात शिरलो, एका चर्चमध्ये टेकलो, एका गल्लीत उगाच वळलो, तरी कुठे आहे ते कायम माहीत. फोन फक्त फोटो काढायला बाहेर आला. माझा निकाल खरं तर तिथेच लागला.

आणि फ्रँकलिनचाच विषय निघालाय तर, तो मूळचा बॉस्टनचा, जन्म १७०६. भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता, १७२३ मध्ये सतराव्या वर्षी पळून फिलीला आला आणि इथलाच झाला. बॉस्टनच्या ग्रॅनरीत फ्रँकलिन नाव कोरलेला जो मोठा स्तंभ आहे तो त्याच्या आईवडिलांचा, लोक त्याचाच समजून सेल्फी काढत असतात.

इंडिपेंडन्स हॉलबद्दल, म्हणजे जिथे स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्या इमारतीबद्दल, तक्रार ऐकायला मिळते की टायमिंगचं तिकीट लागतं आणि स्लॉट मिळत नाही. हॉल बघणं तसं फुकट आहे, ऑनलाइन बुकिंगला डॉलरभर फी, पण स्लॉटने दिवसाचे दोन तुकडे होतात हे मान्य. मात्र इथे एकट्याची चांदी आहे. चार जणांच्या कुटुंबाला जिथे जागा नाही तिथे एक सुटं तिकीट पडून राहिलेलं असतं, मला तरी तसं मिळालंय. नियम बदलत असतात, निघायच्या आधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर बघून घ्या. आत गेलात की सभागृहात कठड्याला लागून उभे राहा आणि समोरची उंच पाठीची खुर्ची बघा, वर अर्धा सूर्य कोरलाय. १७८७ मध्ये राज्यघटना ठरत होती तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन त्याच खुर्चीत बसायचा. खोलीतलं बरंचसं फर्निचर त्या काळातलं पण दुसरीकडून आणलेलं आहे, खुर्ची मात्र अस्सल. लिबर्टी बेलला, म्हणजे त्या तडा गेलेल्या प्रसिद्ध घंटेला, तिकीट नाही, रांग दिसते तेवढी वेळखाऊ नसते.

जेवणाचं. बॉस्टनच्या नॉर्थ एंड या इटालियन वस्तीत शनिवारी रात्री एकट्याने जेवणं हा एक प्रकार आहे. एका ठिकाणी एकट्याला टेबल देत नाही म्हणाले, बारवर जागा झाली की बोलावतो, आणि ते बोलावणं काही आलं नाही. मग कॅनोली (इटालियन गोड पदार्थ) घेऊन बाकावर बसलो, ती उत्तम होती हेही सांगायला हवं. फिलीत रीडिंग टर्मिनल मार्केट आहे, १८९३ चं, जुन्या रेल्वे स्टेशनच्या शेडखाली, आणि तिथे काउंटरवरचं एक स्टूल नेहमी एकट्यासाठीच ठेवल्यासारखं रिकामं सापडतं. तिथलं बासेट्सचं आइस्क्रीम १८६१ पासून चालू आहे. व्हेज लोकांनी चीजस्टेकच्या (पावात बीफ आणि चीज) नादी लागू नये, बाकी मार्केटमध्ये पोट भरतं. पण ते संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतं, रात्रीसाठी शेजारचं चायनाटाउन.

फिलीचं वाईट पण लिहितो. इंडिपेंडन्स हॉलसमोरचं मोठं हिरवं मैदान ऑफिसेस सुटल्यावर भकास वाटतं. कचरा बॉस्टनपेक्षा जास्त, आणि दोन ब्लॉक इकडे तिकडे गेलं की रस्त्याचा रंग बदलतो. मला कधी काही त्रास झाला नाही, पण रात्री दहानंतर बॉस्टनमध्ये मी जास्त निवांत चालतो, हे खरं आहे. एकट्या मुलीने विचारलं तर हा मुद्दा मी आधी सांगेन.

बॉस्टन कोणी निवडावं? समुद्र हवा असेल त्यांनी, लाँग व्हार्फहून चार्ल्सटाउनची फेरी पकडून १७९७ मध्ये पाण्यात उतरवलेली कॉन्स्टिट्यूशन ही युद्धनौका बघायला जाणं फिलीत मिळणार नाही (फोटो आयडी विसरू नका, सोडत नाहीत), आणि तसंच पुढे बंकर हिलच्या स्मारकाच्या २९४ पायऱ्या. म्युझियमवाल्यांनी इझाबेला स्टुअर्ट गार्डनर म्युझियमसाठी जावं, १९९० मध्ये तेरा कलाकृती चोरीला गेल्या आणि काही रिकाम्या चौकटी अजून भिंतीवर तशाच टांगलेल्या आहेत. तुमचं नाव इझाबेला असेल तर तिकीट माफ, आपल्यात कोणाचं असणार म्हणा. हार्वर्डचं वेड असेल तर मेट्रोच्या रेड लाइनने पंधरा मिनिटं. आणि ज्यांना काहीच ठरवायचं नाहीये, नुसतं चालायचंय, एकच दिवस आहे, त्यांनी लाल रेघ धरावी आणि ती सोडूच नये.

बाकीच्यांनी फिलीचं तिकीट काढायला हरकत नाही असं मला आपलं वाटतं. फक्त मार्केट शनिवारी सकाळीच करा, रविवारी पेन्सिल्व्हेनिया डच (जर्मन वंशाच्या, आमिश वगैरे) लोकांची दुकानं बंद असतात आणि अर्धी मजा त्यांच्याच काउंटरवर आहे. हॉलचा स्लॉट रविवारी सकाळचा पहिला घ्या, म्हणजे बाकी दिवस मोकळा.