ठाण्यात घेतलेले अंडी उबवण्याचे यंत्र: प्रयोगशाळेसाठी कसे आहे?

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेसाठी घेतलेले हे छोटे यंत्र तापमानाच्या बाबतीत पूर्ण विश्वासाचे आहे. कोंबडीच्या अंड्याला 21 दिवस सुमारे 37.5 अंश सेल्सिअस ऊब लागते, आणि विकरांचे (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या एन्झाइमांचे) काम तापमानावर अवलंबून असल्याने ही ऊब फार चढली-उतरली तर गर्भाची वाढ बिघडते. यातला पंखा कोपऱ्यातल्या अंड्यांनाही सारखीच ऊब पोहोचवतो.

अंडे दिव्यासमोर धरले, की पाचव्या दिवसाच्या सुमारास लाल शिरांचे जाळे स्पष्ट दिसते. पुढे कवचालगतच्या पटलातील कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज हे विकर कवचातले कॅल्शियम विरघळण्यास मदत करते आणि त्यातून पिल्लाची हाडे घडतात, हे विद्यार्थ्यांना अंडे हातात देऊन समजावता येते, याचे मोल मला फार वाटते.

आर्द्रतामापक मात्र पावसाळ्यात भलतेच आकडे दाखवतो, त्यामुळे वेगळा घ्यावा लागला. अंडी फिरवणारी मोटर 18व्या दिवशी आठवणीने हातानेच बंद करावी लागते. दुकानदारांनी तडा गेलेला ट्रे विनातक्रार बदलून दिला. प्रयोगशाळांनी हे यंत्र जरूर घ्यावे, पण सोबत चांगला आर्द्रतामापकही घ्यावा.