भेट म्हणून काय द्यावं, सोन्यातला गुलाब की गुलाबाचं कलम?

सोन्याचा गुलाब म्हणून मिळतो तो बहुधा खरंच फूल असतो. ताज्या फुलावर लाखेसारखा थर देतात, मग तांबं, निकेल आणि शेवटी 24 कॅरेट सोन्याचा पातळ मुलामा. आकार कायम राहतो, पाकळीवरच्या शिरासुद्धा दिसतात. पण सुगंध जातो, आणि मोडीला नेलात तर हाती फारसं काही लागत नाही. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मात्र तो शोभतो, हे मान्य.

मी तरी कलमच देईन, कारण त्यात माणसांची मेहनत फुलते. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच बहरत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून पुन्हापुन्हा फुलणारी झाडं आली आणि संकराला वेग आला. 1867मध्ये फ्रान्समधले गुलाब-पैदासकार गियो यांनी ‘ला फ्रान्स’ हा वाण आणला. हायब्रिड टी गुलाबांची, म्हणजे लांब दांड्यावर मोठं फूल देणाऱ्या संकरित गुलाबांची, सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात. फ्रेंच पैदासकार फ्रान्सिस मेयाँ यांचा पिवळा-गुलाबी वाण तर दुसऱ्या महायुद्धाच्या सावलीत वाढला. त्यांनी त्याला आईचं नाव दिलं. अमेरिकेत 1945मध्ये त्याचं नाव ‘पीस’, म्हणजे शांती, ठेवलं गेलं.

तो आजही तसाच मिळतो, कारण बी पेरून वाण टिकत नाही, म्हणून सहसा खुंटावर, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळं धरलेल्या खोडावर, त्याचा डोळा (कोंब असलेला सालीचा तुकडा) भरतात. म्हणजे आज कुंडीत लावलेलं ‘पीस’ हे त्या पहिल्याच झाडाची फांदी आहे. कलम घेताना डोळ्याचा जोड मातीत पुरू नका, आणि खुंटातून फुटलेली फांदी दिसताच काढून टाका.