अर्धा ट्रक काँक्रीट

बोस्टनपासून साधारण पन्नास मैल पश्चिमेला, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर काउंटीच्या उत्तर भागात आमचं घर आहे. (लिहितात वॉर्सेस्टर आणि म्हणतात वूस्टर. पहिली दोन वर्षं मी चुकीचंच म्हणत होते, कुणी सुधारलं नाही.) तिन्ही बाजूंना ओक आणि पाइनची झाडी, झाडीत जुन्या शेतांचे दगडी गडगे, प्यायला बोअरचं पाणी, सांडपाण्याला अंगणात पुरलेली सेप्टिक टाकी. शेजारचं घर हाकेच्या अंतरावर आहे, पण झाडांमुळे दिसत नाही. इथे काम करायला कुणी आलं की आधी माणूस आला याचाच आनंद होतो. आमच्या गोष्टीची सुरुवात तिथेच झाली.

गॅरेजसमोरचा डांबराचा तुकडा पार उखडला होता. २० बाय २४ फूट. तिथे काँक्रीट करायचं आमच्या मनात वर्षभर घोळत होतं, पण दोघा कंत्राटदारांनी फोन उचलले नाहीत आणि तिसऱ्याने पुढच्या जूनची तारीख दिली. ऑक्टोबरच्या शेवटी एका शनिवारी एक कंत्राटदार स्वतःहून दारात आला. म्हणाला, मागच्या रस्त्यावर एका घराची फरशी ओततोय. काँक्रीटचा भरलेला ट्रक साधारण १० क्युबिक यार्डांचा असतो, अर्धाच मागवला तर प्लँट कमी मालाचा वेगळा आकार लावतो. त्या घरात लागून अर्धा ट्रक उरतोय, तो तुम्ही घेतलात तर दोघांचेही पैसे वाचतील.

कमी मालाला जास्त आकार लागतो हे खरंच आहे. खोटं सांगताना त्यात खरं किती घालायचं, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. पण काँक्रीट म्हणजे काही उरलेली भाजी नव्हे. प्लँटमध्ये पाणी पडलं की साधारण दीड तासाच्या आत ते ओतून व्हायला हवं, ही जुनी मोजणी. एका घरी फरशी ओतून, सारखी करून, मग दुसऱ्या घरी तोच ट्रक आणणं जमत नाही. हे मला आता कळतं. तेव्हा मी त्याला चहा विचारला होता.

एका पानाचा करार केला. जाडी ५ इंच, ताकद ४,५०० पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचाला किती पौंड दाब सोसेल ते), खाली ६ इंच खडीचा दाबलेला थर, मध्ये लोखंडी जाळी. एकूण ७,८०० डॉलर, निम्मे आगाऊ. चेक त्याच्या स्वतःच्या नावाने मागितला, कारण म्हणे कंपनीचं खातं दुसऱ्या बँकेत नेतोय. कराराच्या वरच्या कोपऱ्यात राज्याचा नोंदणी क्रमांक छापलेला होता. तो बघून मी निर्धास्त झाले. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधायचाच पगार घेते. तो नंबर राज्याच्या साइटवर टाकून बघायला दोन मिनिटं लागली असती. छापलाय म्हणजे खराच असणार, इतकाच विचार केला.

काम झालं थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे इथल्या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आधीच्या मंगळवारी. नवरा बोस्टनला ऑफिसात आणि मी वरच्या खोलीत मीटिंगवर. माझं टेबल नेमकं त्या खिडकीशी आहे. सकाळी जे जे झालं ते सगळं मी बघितलं. त्यांनी डांबर उचललं, वरची पानं आणि गवत खरवडलं. खालची काळी भुसभुशीत माती तशीच राहिली, ओकचं मनगटाएवढं एक मूळही तसंच. त्यावर चार-पाच ढकलगाड्या खडी पसरली. रोलर नाही, दाबायचं मशीन नाही, काही नाही. जाळी सरळ जमिनीवर अंथरली आणि तिच्यावरून बूट घालून फिरत राहिले.

साडेबाराला ट्रक आला. एकाने आमच्या नळाला लावलेली बागेची नळी ओढत नेली आणि ड्रमच्या तोंडात धरली. बराच वेळ धरली. मग माल आला तो आमटीसारखा, आपोआप कडेपर्यंत पसरला. दोन माणसांना फारसं काही करावंच लागलं नाही. वर पाणी तरंगत होतं, त्यातच त्यांनी रंधा फिरवून घेतला. वरून किती छान गुळगुळीत दिसत होतं! मी मीटिंगमध्ये कुणाला तरी म्हटलंही, आमचा ड्राइव्हवे होतोय आज.

ट्रकच्या ड्रायव्हरने जाताना दार वाजवून एक पिवळा कागद हातात दिला. मी तो स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये कुपनांबरोबर टाकला. साडेचारला अंधार पडला. पातळ प्लास्टिक अंथरून, चार विटा ठेवून कंत्राटदार उरलेले पैसे मागायला आला. रात्री २२ फॅरनहाइटपर्यंत उतरणार होतं, म्हणजे उणे साडेपाच सेल्सियस. मी विचारलं, थंडीचं काय? म्हणाला, केमिकल घातलंय, काळजी नको. मी दुसरा चेक लिहिला.

हिवाळाभर सगळं बर्फाखाली. दरवर्षीप्रमाणे मी गॅरेजसमोर मीठ टाकत राहिले. मार्चच्या शेवटी बर्फ वितळला आणि खालून जे निघालं ते बघून मी तिथेच उभी राहिले. वरचा थर पापुद्र्यांसारखा सुटला होता, बोट लावलं की निघून येत होता आणि खालची खडी उघडी पडली होती. ओकच्या बाजूचा कोपरा बसला होता. तिथून तिरकी भेग थेट गॅरेजच्या दाराशी आलेली, आणि वितळलेलं पाणी रस्त्याकडे जायचं सोडून गॅरेजमध्ये शिरत होतं.

त्याला फोन केला. पहिल्यांदा उचलला आणि एकच प्रश्न विचारला, "मीठ टाकलं होतंत?" मी हो म्हटलं. "मग ते तुमच्यामुळे झालंय." दुसऱ्यांदा उचलला नाही, तिसऱ्यांदा नंबर बंद. एवढं कबूल करते की नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकायचं नसतं, घसरू नये म्हणून नुसती वाळू टाकायची. पण हे सांगायचं काम त्याचं होतं. आणि मी नुसती वाळू टाकली असती तरी ते काँक्रीट वाचणार नव्हतं, हे मला बाबांनी सांगितलं.

बाबा सातारा जिल्ह्यात बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. आमचं घर बांधलं तेव्हा सिमेंटच्या गोण्या आणि मालाच्या पाट्या मोजत स्लॅबवर उन्हात उभे राहायचे. मिस्त्री वैतागायचे, आईसुद्धा वैतागायची. इतके दिवस त्यांना मी फक्त 'काम झालं' एवढंच सांगितलं होतं, कारण कटकट नको. आता व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी आधी काही म्हटलं नाही, एकेक प्रश्न विचारत गेले. खाली भराव किती टाकला? धुमस केली का? माल किती पातळ होता? वरून पाणी कुणी घातलं? रात्री झाकलं कशाने? मला प्रत्येकाचं उत्तर माहीत होतं. सगळं बघितलंच होतं ना. मग ते म्हणाले, "अगं, मग तू खिडकीत बसून काय करत होतीस?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर साताऱ्यात असते तर मी खाली उतरले असते, मिस्त्रीला दहा प्रश्न विचारले असते. इथे वाटलं, अमेरिकेत असं डोक्यावर उभं राहणं बरं दिसत नाही, त्यांना त्यांचं काम येतं.

बाबांनी दुसऱ्या दिवशी वाचून-विचारून मला फोन केला, कारण थंडीतल्या काँक्रीटशी त्यांचाही कधी संबंध आला नव्हता. आपल्याकडे स्लॅबवर आळी करून पाणी मारतात, ऊन लागून सुकू नये म्हणून. इथे उलटं, त्याला गोधडी घालावी लागते. खरोखरच तशा जाड गाद्या मिळतात आणि त्या काही दिवस काढायच्या नसतात. हवा ४० फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर थंडीतलं काम समजून ही सगळी तयारी करायची. ओतलेला माल पुरेसा घट्ट व्हायच्या आधीच गोठला तर त्याची निम्मी ताकद कायमची जाऊ शकते. लवकर घट्ट व्हायचं केमिकल असतं, पण ते गोठू न देण्याचं औषध नाही आणि त्याने गोधडीची गरज संपत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं. काँक्रीटमध्ये शिरलेल्या पाण्याला फुगायला जागा हवी, म्हणून थंड प्रदेशात बाहेरच्या कामासाठी मालात मुद्दाम बारीक बुडबुडे धरून ठेवणारं द्रव्य घालतात. साधारण ५ ते ७ टक्के हवा. ती नसेल तर प्रत्येक गोठण्या-वितळण्याला वरचा थर सुटत जातो. वर नळीने पाणी घातलेलं असेल तर मग बघायलाच नको.

"ट्रकबरोबर चलन आलं असेल," बाबा म्हणाले. "त्यावर सगळं असतं." आणि मला ड्रॉवर आठवला. पिवळा कागद कुपनांखाली तसाच होता. माल: ४.५ क्युबिक यार्ड. ताकद: ३,००० पीएसआय. हवेच्या रकान्यात काही नाही. वर घातलेल्या पाण्याच्या रकान्यात ड्रायव्हरने आकडा लिहिलेला, आणि त्यापुढे आमच्या माणसाची सही! बाबांनी फोनवरच हिशोब केला. एका यार्डात २७ घनफूट, साडेचार यार्डांचे १२१.५. भागिले ४८० चौरस फूट, म्हणजे पाव फूट. तीन इंच. पाच इंचांना साडेसात यार्डांच्या आसपास लागले असते. पुरावा चार महिने माझ्या चमच्यांशेजारी पडून होता.

तुम्ही या कागदाचा फोटो काढून ठेवा, आणि तोही पैसे देण्याच्या आधी. ट्रक उभा असतानाच वाचलात तर आणखी बरं, कारण तेव्हा माल परत पाठवता येतो.

नोंदणी क्रमांकाची गंमत पुढेच आहे. तो नंबर खरा होता, चालूही होता, फक्त दुसऱ्याच गावातल्या दुसऱ्याच माणसाचा. पण याहून मोठा धक्का असा की नंबर त्याचा असता तरी फारसा उपयोग नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये घरकामाच्या कंत्राटदारांसाठी कायदा आहे. त्यात एक तृतीयांशाहून जास्त आगाऊ घ्यायला साधारणपणे मनाई आहे, बुडालेल्या ग्राहकांसाठी निधी आहे. मात्र त्याच कायद्यातून वगळलेल्या कामांची यादी आहे आणि ड्राइव्हवे, जमिनीलगतचा पॅटिओ, कुंपण ही त्या यादीत आहेत. मी ज्या छत्रीखाली उभी आहे असं समजत होते, ती माझ्या कामावर उघडलेलीच नव्हती.

ग्राहक संरक्षणाचा दुसरा कायदा लागू होत होता. त्याप्रमाणे आधी मागणीपत्र पाठवून तीस दिवस थांबावं लागतं. माझं रजिस्टर पत्र न स्वीकारता परत आलं. मग स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात गेले, तिथली मर्यादा ७,००० डॉलर, म्हणून वरचे ८०० सोडले. तो तारखेला आला नाही आणि निकाल माझ्या बाजूने लागला. पैसे अजून एक डॉलर मिळालेला नाही. कोर्ट निकाल देतं, वसूल आपण करायचं असतं, हे मला निकालाच्या दिवशी कळलं. चेक व्यक्तीच्या नावाने दिला होता, त्यामुळे ती कंपनी म्हणजे नक्की कोण, हेच शोधण्यात दोन महिने गेले.

पुढच्या सप्टेंबरात दुसऱ्याकडून सगळं उखडून पुन्हा करून घेतलं. खर्च आधीपेक्षा जास्त. उखडताना कडेला टेप लावून फोटो काढले, कुठे तीन इंच, कुठे अडीच. जाळी सगळी तळाशी मातीत गंजलेली. या वेळी मी सुट्टी काढून खाली उभी होते, आणि फोनवर साताऱ्याच्या संध्याकाळी बाबा. ड्रायव्हरने विचारलं, पाणी घालू? मी नाही म्हटलं, तर त्याने फक्त मान डोलावली. इतकं सोपं होतं ते.

हे सगळं विसरायला लागले होते. मग गेल्या ऑक्टोबरात एका बुधवारी आमच्याच रस्त्यावर पुढे राहणाऱ्या आजींकडे, त्यांचं चुकून आमच्याकडे आलेलं टपाल द्यायला गेले. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत, एकट्याच राहतात. टेबलावर एक पानाचा करार पडला होता. कंपनीचं नाव वेगळं, अक्षर तेच. आजी खुशीत होत्या, "अगदी योगायोग बघ, त्याचा अर्धा ट्रक उरतोय."

सही त्यांनी सोमवारी केली होती. घरी येऊन केलेला असा व्यवहार सहीनंतर कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत, तिसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो, म्हणजे गुरुवार आमच्या हातात होता. मी आधी बँकेला फोन लावून दिला, त्यांनी चेक थांबवला. मग त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून चार ओळींचं पत्र लिहिलं, आजींनी सही केली. पोस्ट पाचला बंद होतं. पावणेपाचला आम्ही दोघी खिडकीशी उभ्या होतो, आणि आजी पोस्टातल्या बाईला विचारत होत्या, तारखेचा शिक्का नीट उमटलाय ना, दाखव बघू.