कॅसेटीवरून पेन ड्राइव्हवर गाणी उतरवून देणारे तालुक्याचे दुकान

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्थानकामागच्या गल्लीत, जुन्या कॅसेटी विकणारे आणि गिऱ्हाइकाच्या घरच्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देणारे एक दुकान अजूनही चालते. दुकान लहान आहे, पाटी पुसट झाली आहे आणि दुपारी पंखा बंद असेल तर आत उभे राहवत नाही. तरीही लोकसंगीताची आवड असणाऱ्याने येथे एकदा तरी जावे असे मी म्हणेन. याचे कारण मालाच्या मांडणीत आहे. दुकानदारांनी कॅसेटी कंपनीप्रमाणे किंवा सणांप्रमाणे न लावता गायकांप्रमाणे लावल्या आहेत, आणि शक्य तेथे सालांचा क्रमही राखला आहे, त्यामुळे एकेका फळीवर एकेका गायकाची कारकीर्द सलग पाहायला मिळते.

सर्वांत भरलेली फळी शिंदे घराण्याची आहे. प्रल्हाद शिंदे यांच्या कव्वाल्या, विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते डावीकडे, त्यांना लागून आनंद आणि मिलिंद शिंदे यांच्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या लोकगीतांच्या कॅसेटी, आणि शेवटी आदर्श शिंदे यांच्या नावापुरत्या सीडी, कारण या तिसऱ्या पिढीचे नाव झाले ते मुख्यतः चित्रपटगीतांतून आणि मोबाइलवरून. स्वस्त कॅसेट आल्यावर तबकड्यांच्या मोजक्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि गावोगावच्या जलशांत गाणाऱ्यांना ध्वनिमुद्रणाची दारे उघडली, हे आपण वाचलेले असते. येथे ते फळीच्या लांबीवरून दिसते. पूर्वी 14 एप्रिलच्या आणि दसऱ्याच्या आधी नव्या भीमगीतांच्या कॅसेटींची वाट पाहिली जाई, आणि नागपूरला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारीच कॅसेटींचे ठेले लागत. त्या काळातला बराच माल येथे टिकून आहे.

विठ्ठल उमप यांच्या कॅसेटी थोड्या आहेत, पण निवड जाणत्याची आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच त्यांचे निधन झाले, त्यामुळे विदर्भात त्यांचे नाव आजही आपुलकीने घेतले जाते. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने अर्थातच आहेत. ती नसती तर दुकान चाललेच नसते.

राष्ट्रीय पातळीवरच्या पॉप गायकांचा कप्पा मात्र वीतभर आहे, आणि तो पाहून मला वाईट वाटण्याऐवजी नवल वाटले. अलिशा चिनॉय आणि दलेर मेहंदी यांचे 1995 चे अल्बम, 1996 मधले लकी अली आणि हरिहरन व लेस्ली लुईस यांची जोडी, 1998 चा युफोरिया हा बँड: चार-पाच वर्षांत एवढी नावे झाली, आणि संगीत वाहिन्यांचा कल चित्रपटगीतांकडे वळताच हा बाजार आटला. मराठीत वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांनी 2002 च्या सुमारास असेच वारे आणले होते. गुप्ते पुढे चित्रपट दिग्दर्शनाकडेही वळले. रॉकच्या नावाखाली इंडियन ओशन या बँडचा 2000 चा अल्बम तेवढा मिळाला. 1984 साली रॉक मशीन या नावाने सुरू झालेल्या आणि 1993 मध्ये इंडस क्रीड झालेल्या मुंबईच्या रॉक बँडविषयी विचारले, तेव्हा दुकानदारांनी मला बँडवाल्यांचा पत्ता देऊ केला, तो लग्नाच्या बँडवाल्यांचा होता. पण इंडियन ओशनचे उदाहरण बोलके आहे. या मंडळींनी 2010 मध्ये नव्या अल्बमची गाणी दरमहा एक याप्रमाणे इंटरनेटवर फुकट दिली, कारण त्यांचे पोट मैफलींवर चालत होते. शिंदे, उमप यांचेही बळ रात्रभराच्या कार्यक्रमांत होते. ज्यांना कंपनीखेरीज रंगमंच होता त्यांच्या कॅसेटी येथे दशकांनी मोजाव्या लागतात, ज्यांना तो नव्हता त्यांच्या नगांनी.

याच कारणाने एक उणीव खटकते. झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाट्यपरंपरेचे, येथे काहीही नाही. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक मंडळ्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्र-रात्र गाणी-नाटके करतात, तेथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि यवतमाळच्या दुकानात त्याचा मागमूस नसावा! वऱ्हाड आणि झाडी यांचे एकमेकांकडे दुर्लक्ष जुनेच आहे, एवढेच म्हणतो.

आता मुख्य सेवेविषयी. एका कॅसेटचे 80 रुपये घेतात. फीत पूर्ण वाजवूनच उतरवावी लागत असल्याने साठ मिनिटांच्या कॅसेटला तासभर जातोच, तेव्हा हा दर मला रास्त वाटतो. बुरशी आलेली फीत ते आधी स्वच्छ करतात, तुटलेली जोडून देतात, आणि आवाजातली खरखर काढण्याच्या नादात ढोलकीचा बोल बोथट करत नाहीत, ही त्यांची खरी कारागिरी आहे. तक्रार आहे ती नावांची. पेन ड्राइव्हवर गाणी केवळ क्रमांकाने येतात. कॅसेटच्या आतल्या कागदावर गीतकार, संगीतकार, ढोलकीवादक, कोरस यांची बारीक अक्षरांत का होईना नोंद असते, आणि ती येथे गळून जाते. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली, ती इतरांच्या गळ्यांतून घरोघर गेली. प्रल्हाद शिंदे आणि वामनदादा दोघेही 2004 मध्येच निवर्तले, पण गायकाला आवाजावरून ओळखता येते, कवीला कागदाखेरीज कोण ओळखणार? गीतकार-संगीतकारांच्या मानधनाचा हक्क कॉपीराइट कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने बळकट झाला खरा, परंतु नावच उरले नाही तर हक्क कोणी कोणाला द्यायचा हा प्रश्न उरतोच.

मी हे बोलून दाखवल्यावर दुकानदारांनी कॅसेटमागे 10 रुपये जास्त घेऊन आतल्या कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो त्याच फोल्डरमध्ये टाकून देण्याचे मान्य केले आणि दिलेही. आपण गेलात तर हे आवर्जून मागून घ्यावे, न मागता मिळत नाही. पावती मागूनच घ्यावी लागते. बाजाराच्या दिवशी जाऊ नये, कारण त्या दिवशी तेथे मोबाइलच्या काचा बसवून घेणाऱ्यांचीच गर्दी असते आणि कॅसेटचे यंत्र कापडाखाली झाकलेले असते.