शांघायच्या थंडीत एक बरणी गाओफांग: अकरा महिन्यांनंतर

शांघायला आमच्या घराच्या भिंतींना हिवाळ्यात पाणी सुटतं. चीनमध्ये घरोघरी सरकारी हीटिंग आहे ते उत्तरेला. छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदी यांच्या रेषेच्या खाली आलात की संपलं. बाहेर ४ अंश, घरात ११, आणि वर हवा ओलसर. साताऱ्याची थंडी मी भरपूर खाल्ली आहे, पण ती कोरडी. उन्हात पाठ शेकली की निघून जाते. इथली हाडात मुक्काम ठोकते. चार हिवाळे मी दोन-दोन मोजे चढवून झोपले, आणि डिसेंबरचा खोकला तर ठरलेलाच. मागच्या ऑक्टोबरात शेजारच्या आयी म्हणाल्या, "यंदा गाओफांग करून घे." (इथे वयाने मोठ्या बाईला 'आयी'च म्हणतात. नवीन आले होते तेव्हा ते ऐकून डोळ्यांत पाणी यायचं.)

गाओफांग म्हणजे आपल्या भाषेत एकट्या तुमच्यासाठी शिजवलेला अवलेह. दिसायला च्यवनप्राशच, काळा, चकचकीत, चमचा न सोडणारा. पण च्यवनप्राश सगळ्या घराला एकच, आणि याची चिठ्ठी चिनी वैद्यकाचे डॉक्टर माणूस बघून लिहितात. हंगामही बांधलेला: लीदोंग, म्हणजे ७ नोव्हेंबरच्या आसपास सुरू, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला लीछुन आलं की बंद. आपला शेतकरी सूर्यावरून मृग-आर्द्रा मोजतो, तसे यांनी वर्षाचे २४ तुकडे केलेत, एकेक साधारण पंधरा दिवसांचा. लीदोंग आणि लीछुन त्यातलेच. २०१६ मध्ये युनेस्कोने ही कालगणना वारसा म्हणून यादीत घेतली. थंडीत खाल्लेलं अंगी लागतं, हा यांचा हिशेब. डिंकाच्या लाडवांवर वाढलेल्यांना तो वेगळा समजवायला नको.

डॉक्टरबाई साठीच्या. आधी उजव्या मनगटावर तीन बोटं, मग डाव्या, मग "जीभ दाखव". जिभेच्या कडांवर दातांचे ठसे उमटले होते, ते त्यांनी मला आरशात दाखवले. एवढी वर्षं रोज दात घासते, कधी लक्षात आलं नव्हतं. निदान दोन शब्दांत: गारठा आणि ओल. दही बंद, फ्रिजमधलं काहीही बंद, कोमट पाणी. दह्यावरून मी जरा हुज्जत घातली. बाई नुसत्या हसल्या.

लगेच पाक मिळत नाही, हे मला माहीत नव्हतं. आधी दोन आठवडे 'काइलूफांग', म्हणजे वाट मोकळी करणारा काढा. पोट साफ नसताना पौष्टिक घातलं तर ते पचत नाही, उलट बाधतं, असं यांचं म्हणणं. काढा रुग्णालयातच उकळून पाकिटांत भरून घरपोच येतो. वास पावसात भिजलेलं गोणपाट उकळावं तसा. नाक दाबून प्यायले, पण खरं सांगायचं तर संध्याकाळचं पोट फुगणं याच दोन आठवड्यांत कमी झालं.

मग चिठ्ठी आली, ३१ औषधांची. आयींनी एकेक वाचून दाखवलं आणि अर्धं स्वयंपाकघर ओळखीचं निघालं: ज्येष्ठमध, दालचिनीच्या कोवळ्या काड्या, संत्र्याची वाळवलेली साल, अक्रोड, काळे तीळ, कोनफळाच्या कुळातला एक कंद, लाल मोठी बोरं. हुआंगछीची मुळं आणि गोजीची फळं तेवढी परकी. पूर्वी हे घरीच आटवायचे म्हणे. लाकडी उलथन्यावरून पाक ओघळताना पताकेसारखा लोंबला की उतरवायचा. आपण एकतारी बघतो तसंच.

शाकाहारी असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. पाक घट्ट करायला बहुतेक वेळा 'अजिआओ' घालतात, आणि तो बनतो गाढवाच्या कातड्यापासून. त्याशिवाय साखर किंवा मधावर केलेल्याला 'सूगाओ' म्हणतात. मी सूगाओ सांगितलं, चिठ्ठीवरही तसं लिहिलं होतं, तरी घरी आलेल्या बरणीच्या लेबलवर अजिआओ. आयींनी वाचलं म्हणून, नाहीतर मी खाऊन मोकळी झाले असते. बदलून मिळायला नऊ दिवस, सहा फोन, आणि माफी शून्य.

घ्यायची पद्धत: सकाळी उपाशीपोटी एक चमचा गरम पाण्यात, रात्री झोपताना एक. मला थायरॉइडची गोळी असते, ती आधी आणि पाक तासाभराने, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवलं. ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेला की काहींचा रक्तदाब चढतो, म्हणून दर रविवारी घरी बीपी मोजत होते. शिवाय सुरुवातीला आणि शेवटी किडनी-लिव्हरच्या तपासण्या. नवऱ्याला हा अतिरेक वाटला. पण १९९०च्या सुमाराला बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी दुसरीच गेली, आणि कितीतरी बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या. झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धास्त राहायला मी तयार नव्हते. माझे आकडे दोन्ही वेळा नीट आले.

आता फरक काय पडला ते. पहिले चार दिवस गॅस. डिसेंबरच्या मध्यापासून झोप सलग लागायला लागली. जानेवारीत एका मोज्यावर आले. पण त्याच हिवाळ्यात मी रोज रात्री वीस मिनिटं पाय गरम पाण्यात सोडून बसत होते (पाण्यात आय नावाचा पाला, आपल्या दवण्याच्या कुळातला), आणि दहाच्या आत अंथरुणात. श्रेय कुणाला देऊ? खोकला आलाच, फक्त डिसेंबरऐवजी जानेवारीत, तापासकट. ताप असताना पाक बंद ठेवायचा असतो, त्यात अकरा दिवस गेले. थायरॉइडचा आकडा, टीएसएच, जागेवर. वजन दीड किलो वर. हे मात्र नक्की पाकाचंच.

एक चूक माझी. फेब्रुवारीत घाईत ओला चमचा बुडवला, आठवड्यात वर पांढरी बुरशी. उरलेला पाव भाग कचऱ्यात.

जुलैत पुढचं पाऊल म्हणून 'सानफूथ्ये' लावून घेतलं. वर्षातल्या सगळ्यात उकाड्याच्या दिवसांत पाठीवर औषधाच्या चकत्या चिकटवायच्या, म्हणजे हिवाळ्यातला दमा-खोकला उन्हाळ्यातच गाठता येतो, अशी कल्पना. चकतीत पांढरी मोहरी आणि आल्याचा रस, म्हणजे आजीचा राईचा लेपच. माझ्या पाठीवर सहा लावल्या आणि चार तास ठेवायला सांगितल्या. दीड तासात पाठीवर निखारे. दोन तासांनी काढल्या, तर डाव्या बाजूला बोराएवढा फोड. त्याचा डाग सप्टेंबरातही आहे. कातडी नाजूक असेल तर तासाभरातच काढा, आणि लहान मुलांना लावणार असाल तर शेजारी बसून राहा.

सगळा खर्च २,८०० युआन, म्हणजे ३२ हजार रुपयांच्या आसपास. एवढ्यात भारतात वर्षभराचा च्यवनप्राश आणि वर डिंकाचे दोन डबे लाडू होतात, हे आईने फोनवर लगेच सांगितलं. निव्वळ खोकल्यासाठी म्हणाल तर पैसे वाया. झोप आणि पोटासाठी म्हणाल, तर मला त्यातला काढ्याचा भाग जास्त लागू पडला, आणि तो एकूण खर्चाच्या पावभागही नव्हता.

म्हणून या ऑक्टोबरात नाव पुन्हा घातलंय, पण दोन आठवड्यांच्या काढ्यासाठीच. पाक घ्यावासा वाटलाच तर बरणी नको, एकेका वेळेची छोटी पाकिटं मिळतात ती घेईन, आणि लेबल दारातच आयींकडून वाचून घेईन. चकत्यांचं मात्र नाव काढायचं नाही, असं पाठीने सांगितलंय.